एवढी वर्षं तो काय खात होता?

प्रश्न : ७ वर्षांचा असताना मला कांजिण्या आल्या होत्या. आता ६१व्या वर्षी डाव्या बरगड्यांवर नागीण उठली. डॉक्टर म्हणाले, विषाणू तोच, ५४ वर्षं अंगात झोपून होता. मी आयुष्यभर गणित शिकवलं, जीवशास्त्राशी संबंध नाही. तेव्हा हसू नका, पण विचारतोच. ५४ वर्षं तो काय खात होता? आणि उठायचंच होतं तर आत्ताच का?
(एक निवृत्त गणितशिक्षक)

उत्तर : सर, हसले नाही, पत्र दोनदा वाचलं. इतका मुद्द्याचा प्रश्न माझ्या विद्यार्थ्यांनी मला कधी विचारला नाही.

तो काहीच खात नव्हता. कांजिण्यांच्या काळात हा विषाणू त्वचेतल्या चेतातंतूंच्या टोकांतून शिरतो किंवा रक्तातून येतो, आणि मणक्यालगत चेतापेशींच्या ज्या गाठी असतात तिथवर पोचतो. तिथे त्याचं कवच मागे राहतं. पेशीच्या केंद्रकात उरतो तो निव्वळ डीएनए, सुमारे १,२५,००० अक्षरांची माळ, दोन्ही टोकं जुळून गोल झालेली. तिला भूक नाही, श्वास नाही. चेतापेशी विभागत नाही, त्यामुळे या माळेची नक्कल काढायचाही खर्च पडत नाही. त्याच पेशीत तुमचा स्वतःचा डीएनए सुमारे ६ अब्ज अक्षरांचा आहे. भागाकार तुम्ही माझ्याआधी केला असेल : ४८,००० भागांत एक भाग. एवढा जास्तीचा बिऱ्हाडकरू पेशीला जाणवतही नाही.

'झोपून होता' हे मात्र मला पहिल्यापासून खटकतं. डॉक्टरांना दोष देत नाही, आम्हीही 'सुप्त' म्हणतोच. पण झोपलेला माणूस झोप झाली की आपण होऊन उठतो. तुमचा विषाणू बांधलेला होता, आणि त्याला बांधलं होतं तुमच्याच पेशीनं.

पेशी आपला दोनेक मीटर लांबीचा डीएनए मोकळा ठेवत नाही. हिस्टोन नावाच्या प्रथिनांची रिळं असतात, त्यांवर तो गुंडाळलेला असतो. एका रिळावर १४७ अक्षरं, म्हणजे जेमतेम पावणेदोन वेढे. दोन रिळांमधला धागा धरला तर साधारण २०० अक्षरांमागे एक रीळ पडतं. या रिळांना बाहेर लोंबणाऱ्या शेपट्या असतात आणि पेशी त्या शेपट्यांवर खुणा करते. ॲसिटिल हा छोटा रासायनिक गट चिकटवला की वेढे सैलावतात, तिथली जनुकं वाचता येतात. हिस्टोन तीनच्या शेपटीत ९व्या किंवा २७व्या जागी लायसीन हे अमिनो आम्ल असतं, तिथे तीन मेथिल गट बसवले की रिळं एकमेकांना खेटतात आणि वाचन बंद पडतं. डीएनएमधलं एकही अक्षर बदललेलं नसतं, बदलते ती नुसती बांधणी. एपिजेनेटिक्स म्हणतात ते मुख्यतः हेच.

नागिणीच्या विषाणूच्या कवचात हिस्टोन नसतात, तो केंद्रकात उतरतो तो उघडाच. पेशीला उघडा डीएनए खपत नाही. ती लगेच त्याच्यावर रिळं चढवू लागते आणि पहिल्या रिळांवर खुणा असतात त्या बंदीच्या. सव्वा लाख भागिले २००, म्हणजे सव्वासहाशे रिळं पुरतात. या बांधाबांधीचे तपशील आपल्याला कळले ते बहुतेक त्याच्या चुलतभावाकडून, ओठाच्या कडेला फोड आणणाऱ्या हर्पिस सिम्प्लेक्सकडून. तो उंदरांत आणि सशांत नांदतो. कांजिण्यांचा विषाणू माणूस सोडून कुठे रमत नाही, म्हणून त्याचा अभ्यास चेंगटपणे चालतो.

आता 'आत्ताच का'. ही बांधणी अधूनमधून कुठल्या ना कुठल्या पेशीत सुटतच असते. सुटली की बाहेर गस्त घालणाऱ्या टी-पेशींना, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींना, सुगावा लागतो आणि प्रकरण तिथल्या तिथे मिटतं, तुम्हाला पत्ताही लागत नाही. वय वाढतं तशी या विषाणूची ओळख असलेली गस्त विरळ होते. एडगर होप-सिम्पसन या इंग्लंडमधल्या साध्या कुटुंबवैद्यानं हे १९६५ साली मांडलं, ते स्वतःच्या दवाखान्यातल्या नोंदी वर्षानुवर्षं चाळून. मला या माणसाचं फार कौतुक आहे. त्याच्याकडे प्रयोगशाळा नव्हती, वह्या होत्या.

नागिणीची लससुद्धा ही गस्तच वाढवते, आतल्या रिळांना ती हात लावत नाही. नागीण एकदा होऊन गेली तरी लस घेता येते, कधी घ्यायची ते तुमच्या डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : मागच्या अंकात आपण लिहिलंत की, सुप्तावस्थेत हर्पिस विषाणू 'एक अक्षरही बोलत नाही'. हे चूक आहे. लॅटचं काय?
(सूक्ष्मजीवशास्त्राचे एक प्राध्यापक)

उत्तर : चूक आहे, कबूल. वाक्य ठसकेबाज झालं की माझा हात आवरत नाही.

इतरांसाठी सांगते. हर्पिस सिम्प्लेक्सच्या सुमारे १,५२,००० अक्षरांत ८०हून अधिक जनुकं आहेत. चेतापेशीत ती जवळजवळ सगळी मुकी होतात. अपवाद एका लांब आरएनएचा, ज्याला लॅट म्हणतात. १९८७ साली तो प्रसिद्ध झाला. मूळ धागा ८,३०० अक्षरांच्या आसपास, त्यातला कापून काढलेला सुमारे २,००० अक्षरांचा तुकडा केंद्रकात साचून राहतो. सहसा असे कापलेले तुकडे पेशी लगेच मोडीत काढते, हा टिकतो. त्यापासून ठळक असं कुठलंही प्रथिन बनत नाही. तो वाचला जातो आयसीपी-शून्य या जनुकाच्या उलट बाजूनं, आणि आयसीपी-शून्य म्हणजे कुलुपं फोडणारं प्रथिन. योगायोग म्हणून सोडून द्यावं अशी ही जागा नाही.

मला त्यातलं सगळ्यात सुंदर वाटतं ते असं, की एकाच गोल रेणूवर लॅटच्या भागातली रिळं मोकळी, ॲसिटिलच्या खुणांची, आणि शेजारीच कुलुपं फोडणाऱ्या जनुकांवर मेथिलची गर्दी. दोन्हींच्या मध्ये सीटीसीएफ हे प्रथिन कुंपणासारखं बसलेलं असतं. पुन्हा सक्रिय होताना हे कुंपण आधी ढिलं पडतं. म्हणजे पेशीनं सरसकट दाबून टाकलेला हा माल नव्हे. विषाणूनं आपल्या डीएनएत कुंपणाच्या जागा आधीच आखून आणल्या होत्या, त्यामुळे बांधणाऱ्याशी त्याचं आतून संगनमत आहे असंच म्हणावं लागतं.

गणितशिक्षक सरांच्या विषाणूलाही असा आवाज आहे, तो २०१८ साली सापडला.

प्रश्न : बाई, आमच्या पुस्तकात एक ओळ आहे : 'मेथिलेशनमुळे विषाणूची जनुकं बंद होतात.' पण हर्पिस सिम्प्लेक्समध्ये डीएनएचं मेथिलेशन सापडत नाही असं वाचलं, आणि एप्स्टाइन-बार या दुसऱ्या हर्पिस विषाणूमध्ये भरपूर सापडतं. मग ती ओळ खरी कुणासाठी? परीक्षेत काय लिहू?
(एमएस्सीची विद्यार्थिनी)

उत्तर : परीक्षेत पुस्तकातलं लिही आणि खाली एक ओळ स्वतःची घाल. आता खरं सांगते, आणि त्यासाठी आधी माझी फजिती ऐक.

संशोधनाच्या पहिल्या वर्षी मी हिरव्या चमकणाऱ्या पेशी बनवल्या होत्या. जेलीफिशच्या हिरव्या प्रथिनाचं जनुक आणि त्याच्यापुढे सायटोमेगॅलोव्हायरसचा प्रमोटर, म्हणजे जनुक चालू करणारा डीएनएचा तुकडा. हाही हर्पिस कुळातलाच विषाणू, आणि त्याचा हा प्रमोटर इतका जोरकस की प्रयोगशाळांतल्या निम्म्या प्लास्मिडांवर (पेशीत जनुक नेणाऱ्या डीएनएच्या गोल तुकड्यांवर) तोच असतो. दोन आठवडे मी येईल त्याला सूक्ष्मदर्शकापाशी ओढून ती हिरवळ दाखवत होते. पाचव्या आठवड्यात अर्ध्या पेशी काळ्या पडल्या. मी सीरम बदललं, इन्क्युबेटरमधला कार्बन डायऑक्साइड तपासला, दिवाही बदलला. पीसीआरनं डीएनए तपासला तर जनुक जागच्या जागी, पट्टा ठणठणीत. शेवटी एका वरिष्ठ सहकाऱ्यानं ५-ॲझासायटिडिन घालून बघायला सांगितलं. ते डीएनएवरचं मेथिलेशन पुसतं. चौथ्या दिवशी थोड्या पेशी पुन्हा हिरव्या झाल्या होत्या. त्या दिवसापासून 'जनुक आहे' आणि 'जनुक चालतं' ही दोन वाक्यं मी कधी एका दमात उच्चारली नाहीत.

खऱ्या संसर्गात हाच जोरकस प्रमोटर अस्थिमज्जेतल्या मूळपेशींत दाबलेला असतो, तो मुख्यत्वे हिस्टोनवरच्या खुणांनी. पेशी मॅक्रोफेज किंवा डेंड्रायटिक पेशी (दोन्ही रोगप्रतिकारक पेशी) व्हायला निघाली की खुणा बदलतात आणि तो जागा होतो. तर पहिली गोष्ट, 'मेथिलेशन' हा एकच शब्द दोन वेगळ्या जागांसाठी वापरतात. हिस्टोनच्या शेपटीवरचा मेथिल गट वेगळा आणि डीएनएमधल्या सायटोसिन या अक्षरावरचा वेगळा. पुस्तकाच्या त्या ओळीत दोन्हींची खिचडी झाली आहे.

सायटोसिनवरची खूण पेशी विभागताना नव्या धाग्यावर उतरवली जाते, त्यासाठी वेगळं एन्झाइम आहे. म्हणून विभागणाऱ्या पेशींत राहणाऱ्याला ती कामाची. हर्पिस सिम्प्लेक्स राहतो चेतापेशीत, जी विभागतच नाही. त्याचं हिस्टोनवर भागतं.

एप्स्टाइन-बारचा मुक्काम स्मृती बी-पेशींत, म्हणजे जुना संसर्ग लक्षात ठेवणाऱ्या रोगप्रतिकारक पेशींत. १९६४ साली एप्स्टाइन, अचोंग आणि बार यांनी बर्किट लिम्फोमा या बी-पेशींच्या कर्करोगाच्या पेशींत त्याला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. आज जगातल्या ९० टक्क्यांहून अधिक प्रौढांत तो आहे. निरोगी माणसात दहा लाख बी-पेशींमागे १ ते ५० पेशींत तो सापडतो, इतका विरळ. पेशी विभागताना हरवू नये म्हणून त्याचं ईबीएनए-१ हे प्रथिन त्याची गोल माळ आपल्या गुणसूत्रांना टाचून ठेवतं, आणि पेशीचं यंत्रच तिची नक्कल काढतं. आयत्या बिळावर नागोबा!

नव्या कणातून आलेला त्याचा डीएनए कोरा असतो, सायटोसिनवर एकही खूण नाही. संसर्गानंतर आठवड्या-आठवड्यानं खुणा साचत जातात. सी नावाचा प्रमोटर बंद होतो, आणि त्याबरोबर रोगप्रतिकारक पेशींच्या डोळ्यात भरणारी प्रथिनं थांबतात. इथवर पुस्तक बरोबर आहे.

पुढे उलटी गंगा वाहते. या विषाणूला बाहेर पडायचं असतं तेव्हा झेड हे प्रथिन कळ दाबतं. इतर बहुतेक प्रथिनं मेथिलेशन असलेल्या जागेपासून दूर राहतात, हे मात्र तिथेच जास्त घट्ट बसतं. २००४ साली हे दाखवलं गेलं. एका महत्त्वाच्या प्रमोटरच्या काही जागा मेथिलेशन नसेल तर झेडला नीट धरताच येत नाहीत. म्हणजे जी खूण त्याला गप्प करते तीच पुढे त्याची सुटकेची किल्ली ठरते. आणि नुकताच शिरलेला, कोरा विषाणू घाईनं बाहेर पडू म्हटला तरी पडू शकत नाही. आधी पेशीकडून आपल्यावर खुणा करवून घ्याव्या लागतात. हे वाचलं त्या संध्याकाळी मी काम सोडून नुसती बसून राहिले होते.

तुझी स्वतःची ओळ या झेडवर असू दे.

प्रश्न : मी परिचारिका आहे. ओठांवरच्या आणि डोळ्यांतल्या हर्पिसला असायक्लोव्हिर देताना रोज बघते. फोड जातात आणि काही महिन्यांनी तोच रुग्ण परत येतो. मुळापासून उपटणारं औषध का नाही, ताई?

उत्तर : असायक्लोव्हिर स्वतः निरुपद्रवी असतं. विषाणूच्या थायमिडिन कायनेज या एन्झाइमनं त्यावर पहिला फॉस्फेट चढवला की मगच ते मारक होतं, आणि तेही डीएनएची नक्कल निघत असताना. बांधलेला विषाणू ना एन्झाइम बनवतो ना नकला. औषध शेजारून निघून जातं. औषधात खोट नाही. त्याची नेमकी निवड हीच त्याची ताकद आहे. अशा औषधांमागच्या विचारासाठी गर्ट्रूड एलियन यांना १९८८ चं नोबेल मिळालं.

मग वाटा तीन. एक, गाठी आणखी आवळायच्या. मेथिल खूण पुसणारं एलएसडी-१ हे पेशीचं एन्झाइम विषाणू बाहेर पडताना कामाला जुंपतो. ते अडवलं तर विषाणू अडकून राहतो, हे २००९ साली ट्रॅनिलसिप्रोमिन वापरून दाखवलं गेलं. हे नैराश्यावरचं जुनं औषध. पुढे उंदीर, ससे आणि गिनीपिग यांतही परिणाम दिसला. दोन, गाठी मुद्दाम सोडायच्या आणि बाहेर आला की मारायचा. एप्स्टाइन-बारच्या कर्करोगात १५ रुग्णांवर गाठी सोडणारं आर्जिनिन ब्युटिरेट आणि विषाणू मारणारं गॅन्सायक्लोव्हिर एकत्र देऊन पाहिलं होतं, त्याचे निष्कर्ष २००७ साली आले. दहा जणांत कर्करोगाची गाठ आक्रसली किंवा गेली. तीन, विषाणूचा डीएनएच कापायचा. २०२० साली उंदरांच्या एका चेतागाठीतून ९० टक्क्यांहून जास्त सुप्त डीएनए अशा कात्र्यांनी नाहीसा करता आला.

माझा कल तिसऱ्या वाटेकडे आहे. दुसरी वाट कर्करोगात ठीक, तिथे ती पेशी मेलेलीच हवी असते. चेतापेशी एकदा गेली की परत येत नाही, तिथे विषाणूला मुद्दाम उठवणं मला धाडसाचं वाटतं. शिवाय ब्युटिरेटनं सगळे उठतही नाहीत. मी स्वतः कैक फ्लास्क केले आहेत : एकाच दिवशी पेरलेल्या बर्किटच्या पेशी, सगळ्यांना एकच मात्रा, ४८ तासांनी रंगवून पाहावं तर मूठभर उजळलेल्या आणि बाकी अंधार. शेजारी शेजारी बसलेल्या जुळ्या पेशी, एक जळते आहे आणि दुसरी ढिम्म. पहिल्या वाटेची अडचण अशी की रिळं, खुणा, पुसणारी एन्झाइमं, सगळं पेशीचंच. औषधाला आपलं आणि विषाणूचं वेगळं कळत नाही.

प्रश्न : ताणामुळे हर्पिस उठतो म्हणतात. रोज ध्यान केलं तर विषाणूवरची मेथिलची कुलुपं घट्ट होतात का? एका व्याख्यानात तसं सांगितलं.

उत्तर : नाही.

ध्यान करा, झोप बरी लागेल. पण त्या व्याख्यानात दोन ताणांची गल्लत झाली. चेतापेशीचा ताण म्हणजे वाढीचं पोषक प्रथिन मिळेनासं होणं, ताप, ऊन लागून तंतूला इजा. अशा वेळी जेएनके नावाचं एन्झाइम जागं होतं आणि ९व्या लायसीनच्या अगदी शेजारी, १०व्या सेरीन या अमिनो आम्लावर, फॉस्फेट बसतो. गंमत अशी की मेथिलचं कुलूप तसंच लटकत असतं आणि दार मात्र किलकिलं होतं. मेथिल प्रत्यक्ष निघतात ते दुसऱ्या टप्प्यात. मनाच्या ताणाचं म्हणाल तर त्याची संप्रेरकं चेतापेशींपर्यंत पोचतात हे खरं, पण इच्छाशक्तीनं सेरीन-१० ला हात घालता येत नाही.

प्रश्न : मी नववीत आहे. विषाणूला कसं कळतं की आपण ओठात आहोत की चेतापेशीत? ओठात तो लगेच फोड आणतो आणि चेतापेशीत गप्प बसतो. आणि परत ओठाकडे यायची वाट त्याला कशी सापडते?

उत्तर : त्याला काही कळत नाही, त्याचं सामान वाटेत हरवतं.

हर्पिस सिम्प्लेक्सच्या कवचाभोवती प्रथिनांचा एक थर असतो, त्यात व्हीपी-१६ नावाचं एक प्रथिन असतं. ओठाच्या पेशीत हा प्रवास छोटा. कवच आणि व्हीपी-१६ दोन्ही केंद्रकाजवळ पोचतात. तिथे व्हीपी-१६ पेशीच्या दोन प्रथिनांशी, एचसीएफ-१ आणि ऑक्ट-१ यांच्याशी हातमिळवणी करतं, रिळांवरच्या बंदीच्या खुणा पुसून घेतं आणि पहिली जनुकं चालू होतात. काही तासांत नवे विषाणू तयार.

चेतापेशीचा तंतू मात्र लांबलचक. ओठापासून कानापुढच्या भागात, कवटीच्या तळाशी असलेल्या गाठीपर्यंत तो जातो, आणि एका पेशीच्या मानानं हा प्रवास अफाट आहे. तंतूत शिरतानाच कवच आणि तो थर बहुतेक वेगळे होतात. डीएनए भरलेलं कवच पोचतं, व्हीपी-१६ मागे राहतं. भरीला चेतापेशीत एचसीएफ-१ केंद्रकात नसून बाहेर ठेवलेलं असतं. कळ दाबणारं कुणीच नाही म्हटल्यावर पेशीला रिळं चढवायला भरपूर वेळ मिळतो.

परतीची वाट शोधावी लागत नाही, कारण वाट एकच आहे, तोच तंतू. तंतूच्या आत सूक्ष्मनलिकांचे रूळ असतात आणि त्यांवर माल ओढणारी दोन प्रथिनं. आत येताना विषाणू डायनीनवर बसून येतो, बाहेर जाताना कायनेसिनवर.